कचेरीतील शेजार

(वर्षावासानिमित्त विहारात भरलेल्या सभेत, नवदीक्षित कुटुंबांतील नोकरदार तरुण-तरुणींपुढे व त्यांच्या मातापित्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



धम्मावर अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले. मी विद्वान नव्हे. १९७९ पासून २०१५ पर्यंत सरकारी कचेरीत लेखणी झिजवून निवृत्त झालेला मी एक कारकून. सबब, ‘चार शब्द सांगा’ असा चिटणीसांनी आग्रह केला, तेव्हा ज्या गोष्टीचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे तीच सांगावी असे मी ठरविले. नोकरीच्या ठिकाणी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाशी आपला संबंध कसा जडावा, ही ती गोष्ट होय.

विषय क्षुल्लक वाटेल. मुलगा शिकला, मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाली, नेमणुकीचा हुकूम हाती आला. मग आता उरले काय, असे आईबापांना वाटणे साहजिक आहे. परंतु नेमणुकीच्या हुकमाने खुर्ची मिळते, शेजारी मिळत नाही. तो आपला आपणच मिळवावा लागतो, आणि तो न मिळाल्यास त्या खुर्चीचेही पुढे काही खरे नसते. हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो.

मी कामावर रुजू होण्यास निघालो तेव्हा माझ्या वडिलांनी मला एकच उपदेश केला. ते म्हणाले, “बाळ, आपण बरे आणि आपले काम बरे. कोणाच्या अध्यात नको, मध्यात नको.” वडिलांना मी दोष देत नाही. ज्या माणसाने अर्धे आयुष्य गावकुसाबाहेर काढले, चावडीपुढून जाताना नजर खाली ठेवली, त्याच्या लेखी दूर राहणे हीच सुरक्षितता होती. मी तो उपदेश अक्षरशः पाळला. आवक-जावक नोंदवहीवर मान खाली घालून आठ महिने काम केले. दुपारी सारे एकत्र डबे उघडीत, मी आपल्या टेबलावरच खाई. चहाची वेळ झाली की सर्व मंडळी कोपऱ्यावरच्या टपरीकडे जात, मी टपाल लावीत बसे. माझे काम चोख होते. माझ्या नोंदीत कधी खाडाखोड सापडली नाही, आणि याचा मला अभिमानही वाटे.

त्या वर्षी आमच्या खात्याच्या विभागीय परीक्षेचे अर्ज निघाले. ही परीक्षा वेळेत उत्तीर्ण न झाल्यास वेतनवाढ थांबे. अर्जाचे परिपत्रक आले, फिरले आणि नस्तीत लागले. ते ज्या दिवशी फिरले त्या दिवशी मी रजेवर होतो. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याच्याखेरीज दुसरे बोलणे नव्हते. कोणी कोणती पुस्तके घ्यायची, कोणता प्रश्न हटकून येतो, सारे ठरले. मला कळले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. शेजारच्या टेबलावरील गृहस्थांना मी रागाने विचारले, “मला का सांगितले नाही?” ते म्हणाले, “तुम्ही विचारले असते तर सांगितले असते. तुम्ही कोणाशी बोलता कुठे?”

या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. ते अर्धे खोटे होते. ज्याला सांगावयाचे असते तो न विचारता सांगतो. परंतु ते अर्धे खरेही होते, आणि ती खरी अर्धी बाजू माझ्या हातातील होती. वर्षभराची वेतनवाढ गेल्यावर मला ती दिसली, इतकेच.

मित्रहो, कचेरीचे नियम छापलेले असतात. कचेरीचे ज्ञान छापलेले नसते. टिप्पणी कशी लिहावी, साहेबांपुढे मसुदा ठेवताना मागचा कोणता आदेश जोडावा, कोणते परिपत्रक नव्या परिपत्रकाने रद्द झाले आहे, जुनी नस्ती कोणाच्या कपाटात सापडते, लेखा शाखा कोणत्या कारणाने देयक परत पाठवते, हे सारे ज्ञान एका तोंडातून दुसऱ्या कानात जाते. ते चहाच्या पेल्याबरोबर जाते, डब्यातल्या भाजीबरोबर जाते. जो त्या बोलण्याच्या वर्तुळाबाहेर राहिला त्याच्याविरुद्ध कोणी कटही करावा लागत नाही. तो आपोआपच मागे पडतो.

ही गोष्ट कचेरीपुरतीच खरी आहे असे नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे मुंबईच्या कापडगिरण्यांत खपले. त्यांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे. परंतु अधिक पगाराचे जे विणकाम, म्हणजे साचेखाते, तेथे त्यांना प्रवेश नसे. कारण काय? तर धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकऱ्याच्या तोंडास लागेल, ही अडचण! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी आग्रह धरला, की ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आलीच पाहिजे. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली, आणि गिरणीमालकांनी तर यात आपला काहीच दोष नाही असे सांगून हात झटकले. या ठिकाणी थोडे थांबून पाहा. साच्यावरचे काम कोणत्या पाठशाळेत शिकवीत नव्हते. एक विणकर दुसऱ्याच्या शेजारी उभा राहून ते शिके. ज्याला साच्याजवळ उभेच राहू दिले नाही, त्याचे बोट कापण्याची गरज उरली नाही. त्याचा हात तसाच अडाणी राहिला. पंक्तीत न घेणे हा मानाचाच प्रश्न नाही, तो पोटाचाही प्रश्न आहे, हे गिरणीतल्या माणसास आपल्यापेक्षा लवकर कळले होते.

आता कोणी म्हणेल, “समोरचा माणूसच बोलत नसेल तर आम्ही काय करावे?” हा प्रश्न रास्त आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यात याची दोन चित्रे आहेत आणि ती दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत अशी माझी आपणांस विनंती आहे.

पहिले चित्र १९१७ सालच्या बडोद्याचे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, लंडनला अध्ययन केलेला हा पुरुष संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत, पिण्यास पाणी मिळत नसे, आणि राहण्यास शहरात घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेथे गोड बोलून संबंध जुळले असते काय? मुळीच नाही. त्यांनी बडोदे सोडले, आणि सोडले हेच योग्य केले. जेथे समोरचा आपणांस माणूसच मानीत नाही, तेथे आपल्या स्वभावात खोट शोधू नये. तेथे व्यवहारचातुर्याचा प्रश्न संपतो आणि कायद्याचा सुरू होतो. आज आपल्यापाशी संविधानाचे १७ वे कलम आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कचेरीत पाण्याचा माठ वेगळा निघाला, कोणी जातीवरून चारचौघांत अपमान केला, तर ते हसून घालविण्याचे कारण नाही. तारीख-वार लिहून ठेवावे, साक्षीदार कोण होते ते लिहावे आणि लेखी तक्रार करावी. माझ्या भगिनींनी हेही लक्षात ठेवावे की, दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. सहकाऱ्याशी मोकळेपणाने वागणे म्हणजे त्याचे सारे काही सहन करणे नव्हे.

दुसरे चित्र पुढच्याच वर्षाचे आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परंतु येथे एक गोष्ट निराळी होती. येथे त्यांना काम करता येत होते. ते वर्गात उभे राहिले, आणि त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर कॉलेजांतील विद्यार्थीही परवानगी काढून येऊ लागले. बडोद्यात दार बंद होते. सिडनहॅममध्ये ते किलकिले होते. कोणत्या कचेरीचे दार बंद आहे आणि कोणत्या कचेरीचे किलकिले, हे ओळखणे हेच नोकरीतील पहिले शहाणपण होय. माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेक कचेऱ्या किलकिल्या दाराच्या असतात. बंद दारापुढे ताटकळू नये हे जितके खरे, तितकेच किलकिले दार बंद समजून परत फिरू नये हेही खरे.

मग दार उघडावे कसे? येथे मला भगवान बुद्धांनी एका गृहस्थाच्या मुलास केलेला उपदेश आठवतो. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहात सिगाल नावाचा तरुण ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत उभा होता. भगवंतांनी त्याला सांगितले, की आर्यविनयात दिशा निराळ्या आहेत: पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, आणि वरची म्हणजे श्रमण. उत्तर दिशेची सेवा पाच प्रकारे करावी: दानाने, प्रिय वचनाने, अर्थचर्येने म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम करून, समानत्ततेने म्हणजे आपल्यासारखेच त्याला मानून, आणि अविसंवादाने म्हणजे दिला शब्द पाळून. विहारात हे सुत्त आपण ऐकतो आणि घरी जातो. मी ते कचेरीत घेऊन गेलो, पण फार उशिरा.

दान म्हणजे काय? चहाचे पैसे. आपण हसलात, पण मी थट्टा करीत नाही. जो नेहमी दुसऱ्याच्या पैशाने चहा पितो त्याला कोणी मान देत नाही. जो कोणाचाच चहा घेत नाही त्याच्याशी कोणी बोलत नाही. आणि आमच्यातले काहीजण भिडेपोटी रोज साऱ्यांचेच पैसे देतात, त्यांना लोक मनातून गडी समजतात. आपली पाळी आली की द्यावे, दुसऱ्याची आली की त्याला देऊ द्यावे. समानत्तता या एका शब्दात हे सारे आले. आपल्या डब्यातली भाकरी पुढे करावी. कोणी घेतली नाही तर डबा झाकू नये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे करण्यास लाजूही नये.

प्रिय वचन याचा अर्थ लाळघोटेपणा नव्हे. त्याच सुत्तात भगवंतांनी खोट्या मित्रांचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत तोंडापुढे स्तुती व पाठीमागे निंदा करणारा, बऱ्यालाही होकार व वाईटालाही होकार देणारा, असा एक आहे. तो प्रत्येक कचेरीत असतो. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताच त्याचा चेहरा बदलतो. आपल्या तरुणांनी मागे पडण्याच्या भीतीने त्याचे अनुकरण करू नये.

अर्थचर्येची एक आठवण सांगतो. परीक्षेचा तो फटका बसल्यावर मी आमच्या हेडक्लार्ककडे गेलो. गृहस्थ जुन्या वळणाचे, उच्चवर्णीय, बोलणे तुटक. मी त्यांना म्हणालो, “साहेब, मला टिप्पणी लिहिता येत नाही. आपण दाखवाल काय?” खरे सांगतो, हे वाक्य म्हणण्यास मला तीन दिवस लागले. ‘राखीव जागेवर आलेल्याला काम येत नाही’ असे ते म्हणतील ही भीती होती. त्यांनी काही म्हटले नाही. माझा कागद घेतला आणि तांबड्या शाईने तो असा काही खोडला की माझे एकही वाक्य शिल्लक राहिले नाही. मी दुसरा नेला, तोही खोडला. पाचव्या-सहाव्या कागदावर तांबडी शाई कमी झाली. मग ते मधूनमधून बोलू लागले: हा शब्द न्यायालयात टिकणार नाही, हा आकडा कोठून आणला, येथे साहेबांना निर्णयासाठी दोन पर्याय द्या. पुढील वर्षी मी परीक्षेला बसलो ती त्यांच्याच जुन्या वहीवरून. काही वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत त्यांच्या टेबलावरच्या नस्त्या मी त्यांना वाचून दाखविल्या. मी त्यांच्यावर उपकार केला नाही आणि त्यांनीही माझ्यावर केला नाही. आमचा हिशेब बरोबरीचा होता. सुत्तात म्हटले आहे, की अशा प्रकारे सेविलेला मित्र आपण बेसावध असता आपणांस जपतो. त्यानंतर माझे एकही परिपत्रक चुकले नाही.

ते माझ्या घरी जेवले काय, असा प्रश्न मला काहीजण विचारतात. नाही जेवले. धाकट्या मुलीच्या लग्नाला आले, पाणी प्याले, आहेर देऊन निघून गेले. तेवढेच झाले, अधिक झाले नाही, आणि मी ते अधिक करून सांगणार नाही. कामाच्या नात्याने सारी जात नाहीशी होते असे मानणारा मी नव्हे.

आता एक नाजूक गोष्ट. नव्या कचेरीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘आडनाव काय, गाव कोणते’ हा प्रश्न येतो. प्रश्न आडनावाचा नसतो, हे आपण सारे जाणतो. काही तरुण आडनाव बदलतात, काही गोलमोल उत्तर देतात. त्यांची अडचण मी समजतो. शहरात भाड्याने खोली मिळविताना काय होते ते मलाही ठाऊक आहे. तरी माझे मत असे, की “आम्ही बौद्ध” एवढे पहिल्या आठवड्यातच शांतपणे सांगून टाकावे. लपविलेल्या गोष्टीवर उभारलेला स्नेह रोज भ्यालेला असतो. घरी बोलवायचे कसे, भिंतीवरचा फोटो दिसेल काय, १४ ऑक्टोबरची रजा कशाला मागितली म्हणून सांगायचे? या धास्तीने माणूस हळूहळू बोलणेच बंद करतो, आणि पुन्हा आपल्या टेबलावर एकटा डबा खाऊ लागतो. बौद्ध म्हटल्याने हक्क जातील ही भीतीही निराधार आहे. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती १९६० पासून नवबौद्धांना आहेत, आणि १९९० च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना त्या देशभर लागू झाल्या.

‘कोट्यातून आलात’ असे कोणी कुजबुजला तर? एकदा, फक्त एकदाच, आवाज न चढविता उत्तर द्यावे: होय, संविधानाच्या १६ व्या कलमाप्रमाणे आलो आहे, आणि तुमच्याइतकेच काम करतो आहे. मग नस्ती उघडावी. रोज उठून वाद घालणाऱ्याचे काम मागे पडते, आणि कुजबुजणाऱ्यास तेच हवे असते. हल्ली कचेरीतल्या मंडळींचे मोबाइलवर गट असतात. तेथे कोणी काही लागट लिहिले तर रागाने गट सोडू नका. आमच्या काळच्या टपरीवरचे बोलणे आता तेथे चालते. परिपत्रकेही तेथेच आधी पोहोचतात.

श्रेयाविषयी बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही, कारण बहुतेक कचेऱ्यांत स्नेह येथेच तुटतो. टिप्पणी एकाने लिहावी आणि सही दुसऱ्याने करून शाबासकी घ्यावी, हे नित्याचे आहे. या बाबतीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेले भाषण प्रत्येक नोकरदाराने काढून वाचावे. आपण ते भाषण लोकशाहीवरील इशाऱ्यांसाठी वाचतो, ते योग्यच आहे. परंतु त्याचा आरंभीचा भाग सहकाऱ्यांविषयी आहे. मसुदा समिती सात जणांची. त्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एक निवर्तले, एक अमेरिकेत होते, आणखी कोणी संस्थानच्या कामात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर, आणि शेवटी मसुद्याचा भार बाबासाहेबांवर पडला, ही हकीकत टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहातच सांगितली होती. म्हणजे सारे श्रेय एकट्याने घेण्यास कोणाची हरकत आली नसती. तरी बाबासाहेबांनी काय केले? मला दिले जाणारे श्रेय खरोखर माझे नव्हे, असे म्हणून त्यांनी ते वाटून टाकले. कच्चा मसुदा तयार करणारे सर बी. एन. राव यांना एक वाटा दिला. १४१ दिवस बसलेल्या समितीच्या सभासदांना दुसरा वाटा दिला. आणि त्याहून मोठा वाटा कोणाला? मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना, कारण अत्यंत गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या व स्पष्ट कायद्याच्या भाषेत मांडण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुखर्जींच्या हाताखाली जे कर्मचारी कधी कधी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत राबले, त्यांचाही त्यांनी उल्लेख केला.

मी स्वतः कारकून असल्यामुळे हा शेवटचा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. बडोद्यात ज्याच्या अंगावर शिपायाने दुरून कागद टाकले, तोच पुरुष बत्तीस वर्षांनी देशाच्या सर्वोच्च सभेत उभा राहून रात्रपाळी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे कष्ट नोंदवितो. हे वाचल्यावर मीही माझ्या टिप्पणीच्या शेवटी ‘अमुक यांनी माहिती संकलित केली’ असे लिहू लागलो. वरिष्ठांना ते आवडले नाही. एकदोनदा ती ओळ खोडलीही गेली. परंतु ज्याचे नाव मी लिहिले त्याने त्यानंतर मला कधी माहिती देण्यास उशीर केला नाही.

सभेला आलेल्या एका माउलीने मघाशी मला बाजूस घेऊन विचारले, “माझा मुलगा येत्या सोमवारी रुजू होतो आहे. त्याला काय सांगू?” मी म्हटले, बाई, त्याच्या डब्यात दोन भाकऱ्या अधिक घाला. आणि त्याला सांगा, की परिपत्रकांची नस्ती कोणाच्या कपाटात असते, एवढे पहिल्याच दिवशी शेजाऱ्यास विचारून घे.

जय भीम! नमो बुद्धाय!